पाटणच्या कातळावर एक जिओफोन

पाटण तालुक्यात वाढलेल्या माणसाला भूकंप ही पुस्तकातली गोष्ट वाटत नाही. १९६२ साली कोयनेचं पाणी अडलं, थोड्याच काळात बारीक धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ क्षमतेचा मोठा धक्का बसला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं. आमच्या घरात अजूनही लग्नं, बारशी, जमिनीचे व्यवहार 'भूकंपाच्या आधीचे' आणि 'भूकंपानंतरचे' असेच सांगितले जातात. धक्के तेव्हापासून थांबलेले नाहीत. कोयना आणि वारणा जलाशयांच्या आसपासच्या छोट्या पट्ट्यातच ते होतात, बहुतेक दहा किलोमीटरपेक्षा कमी खोलीवर. डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर आयुष्य वेचलं. याच अभ्यासासाठी गोठणे गावी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं गेलं, कराडजवळ हजारमाचीला त्यासाठी प्रयोगशाळा आहे.

हे सगळं मी अकरावी-बारावीच्या मुलांना सांगत आलो. पण फळ्यावरचा आलेख नेहमी दुसऱ्याच्या यंत्रातला असायचा. आमच्याच जमिनीचा धक्का आमच्याच हातांनी बनवलेल्या सर्किटवर उमटावा अशी फार इच्छा होती. ते कसं जमलं ते सविस्तर लिहितो, कारण मी शोधत होतो तेव्हा मराठीत असं काही मला सापडलं नाही.

संवेदक म्हणून ४.५ हर्ट्झचा जिओफोन, म्हणजे जमिनीची थरथर विजेत बदलणारं छोटं यंत्र, घेतला. आत चुंबक आणि स्प्रिंगवर टांगलेली कॉइल, एवढंच. जमीन हलली की चुंबक तिच्यासोबत हलतो, कॉइल जडत्वामुळे मागे राहते आणि तारांवर वेगाच्या प्रमाणात व्होल्टेज येतं. माझ्याकडच्या जिओफोनची संवेदनशीलता मीटर प्रति सेकंदाला २८.८ व्होल्ट. म्हणजे जमीन सेकंदाला एक मायक्रोमीटर वेगाने हलली, तर हाती येणार जेमतेम २९ मायक्रोव्होल्ट. ४.५ हर्ट्झच्या खाली प्रतिसाद झपाट्याने उतरतो, त्यामुळे दूरदेशीच्या मोठ्या भूकंपांच्या संथ लाटांसाठी हे यंत्र नाही. कोयनेचे जवळचे, छोटे धक्के मात्र पाच ते वीस-तीस हर्ट्झमध्ये चांगले बोलतात. आपल्या प्रश्नाला ते पुरेसं होतं.

बाकीचं सामान पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलं. हा बारीक संकेत मोठा करणाऱ्या प्रवर्धकासाठी ओपी०७ ही ऑप-अँप चिप निवडली. याहून महागडे, शांत ऑप-अँप मिळतात, पण आधी हिशेब केला. ओपी०७ चा स्वतःचा गोंगाट, म्हणजे संकेत नसतानाही येणारं नकोसं व्होल्टेज, ०.१ ते १० हर्ट्झमध्ये सुमारे ०.३५ मायक्रोव्होल्ट. जिओफोनच्या भाषेत तो सेकंदाला बारा नॅनोमीटर होतो. गावातली जमीन दिवसा याच्या कितीतरी पट थरथरत असते. मग जास्त पैसे कशाला? गेन, म्हणजे संकेत किती पट मोठा करायचा ते, शंभर ठेवला. हजार ठेवला असता तर बारीक धक्के मोठे दिसले असते, पण अंगाला जाणवणारा धक्का आला की आलेखाचा माथा छाटला गेला असता, आणि माझ्या दृष्टीने तोच आलेख सगळ्यात मोलाचा.

कॉइलला समांतर एक रोधक जोडावा लागतो, नाहीतर एका झटक्यानंतर ती बराच वेळ डुलत राहते. कॉइलमधून बारीकसा प्रवाह सोडायचा, एकदम तोडायचा आणि डोलणं कसं मावळतं ते नोंदवायचं. त्यावरून नैसर्गिक वारंवारता आणि अवमंदन (डोलणं किती लवकर शमतं ते) दोन्ही काढता येतात. अवमंदन ०.७ च्या आसपास आणलं. या रोधकामुळे संवेदनशीलता थोडी घटते, तेवढी दुरुस्ती हिशेबात धरावी. पुढे व्होल्टेजचे आकडे करणारा २४ बिटांचा रूपांतरक एडीएस१२५६, सेकंदाला २०० नमुने, आणि वेळेसाठी जीपीएसची सेकंदागणिक येणारी टिक. त्यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. एक मात्र सांगतो. २०० नमुन्यांच्या वेगाला १५० हर्ट्झ, म्हणजे विजेचा तिसरा गुणक, दुमडून, म्हणजे नमुने अपुरे पडल्यामुळे खोट्या वारंवारतेच्या रूपात, नेमका ५० वर येऊन बसतो. म्हणून रूपांतरकाच्या आधी अ‍ॅनालॉग फिल्टर हवाच. नंतर सॉफ्टवेअरने काहीही केलं तरी ती भेसळ वेगळी होत नाही.

मग सुरू झाला गोंगाटाचा शोध, आणि सगळ्यात जास्त वेळ यातच गेला.

घरामागच्या पडवीत यंत्र मांडलं तेव्हा वर्णपटात, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती जोर आहे ते दाखवणाऱ्या आलेखात, ५० हर्ट्झची उंच रेघ होती, आणि तिच्या शेजारी ४८ च्या जवळ आणखी एक. ५० ची रेघ विजेची हे उघड होतं. दुसरी कुठली? मी जिओफोन काढून त्याच्या जागी तेवढ्याच ओहमचा, ३७५ चा, साधा रोधक लावला. ४८ ची रेघ गायब, ५० ची कमी झाली पण राहिली. म्हणजे ४८ सर्किटमध्ये शिरत नव्हती, ती खरोखर जमिनीतून येत होती. ही रोधकाची चाचणी जिओफोनवर काम करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करावी. यंत्र काय म्हणतंय आणि जमीन काय म्हणतेय, हे वेगळं करायला याहून सोपा उपाय मला माहीत नाही.

छडा लावला आमच्या तात्यांनी. मी त्यांना म्हटलं, "तात्या, ही रेघ काही रात्री असते, काही रात्री नसते." त्यांनी वेळा विचारल्या आणि लगेच म्हणाले, "आरं, ही तर शेतीच्या लाइटीची पाळी हाय. रातची लाइट असली की खालच्या विहिरीवरची मोटर चालती." दोन ध्रुवांची मोटर भाराखाली मिनिटाला सुमारे २८८० फेरे घेते, साठाने भागलं की ४८. घरची लाइट गेली तेव्हा ५० ची रेघ बसली आणि ४८ ची तशीच उभी राहिली, कारण शेतीचा फीडर, म्हणजे वीजवाहिनी, वेगळा. मला त्या संध्याकाळी झालेला आनंद अजून आठवतो. प्रेरण मोटरचं स्लिप, म्हणजे विजेच्या वारंवारतेपेक्षा ती किती मागे पडते ते, मी वर्षानुवर्षं व्याख्या म्हणून शिकवलं होतं. इथे ते दोन रेघांमधलं अंतर होऊन समोर आलं होतं.

५० साठी पिळाची, कवच असलेली तार वापरली, कवच एकाच टोकाला भूमीला जोडलं, आदान डिफरन्शियल केलं, म्हणजे दोन तारांमधला फक्त फरक मोजला, आणि सगळं सर्किट बॅटरीवर नेलं. ४८ साठी मात्र सर्किटमध्ये काही करायचं नव्हतं, जागाच बदलायची होती. विहिरीपासून लांब, वरच्या अंगाला, मुरूम काढल्यावर लागलेल्या कातळावर सिमेंटचा छोटा ओटा केला आणि जिओफोन ओळंब्यात बसवून वर पेटी झाकली. मुंग्यांसाठी तारेच्या भोकात मेण भरलं. गोंगाट इतका खाली आला की रात्रीच्या नोंदीत रस्त्यावरून जाणारा उसाचा ट्रॅक्टरसुद्धा वेगळा ओळखू यायला लागला.

दिवाळीनंतरच्या एका पहाटे धक्का आला. मला जाग आली ती आवाजाने. जुनी माणसं सांगतात की आधी जमिनीतून गडगडाट येतो, मग भांडी वाजतात. ते अगदी खरं आहे. उथळ भूकंपाच्या प्राथमिक लाटेतला वरच्या वारंवारतेचा भाग जमिनीतून हवेत शिरतो आणि कानाला ऐकू येतो, आणि हलवणारी दुय्यम लाट मागून येते. आलेखावर दोन्ही स्वच्छ होत्या, मधलं अंतर तीन सेकंदांच्या आसपास. आपल्याकडच्या खडकातले वेग धरले तर या फरकाच्या एका सेकंदाला साधारण आठ किलोमीटर पडतात. चोवीस-पंचवीस किलोमीटर. नकाशावर तेवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढलं तर ते वारणेच्या बाजूच्या धक्क्यांच्या पट्ट्यातून जात होतं. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या यादीतली वेळ आमच्या नोंदीशी जुळली.

वर्गात तो आलेख लावला तेव्हा मुलं बाकं सोडून पुढे आली. एका मुलीने विचारलं, "सर, वर्तुळावर नेमकं कुठं?" एका जिओफोनने ते सांगता येत नाही, निदान तीन जागा लागतात. दुसरा संच त्याच मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी जोडला आहे. रोधकाची चाचणी झाली, ५० ची रेघ अजून थोडी वर आहे. तो ढेबेवाडीच्या बाजूला बसवायचा आहे आणि तिसरा हेळवाकच्या अंगाला. त्या भागात विहिरीपासून लांब, कातळ उघडा असलेली, वर्षभर जाता येईल अशी जागा कुणी देऊ शकत असेल तर आम्हाला ती हवी आहे.