इतर सेवा

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आमच्या करसल्ल्याच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसते. वर्षभर निवांत असलेली मंडळी ३१ तारीख जवळ आली की खडबडून जागी होतात. २०२४ च्या अशाच गर्दीत एका संस्थेच्या कार्यकर्तीचा फोन आला. "मॅडम, बुधवार पेठेतल्या एक ताई आहेत. त्यांना इन्कम टॅक्सचं रिटर्न भरायचंय. तुम्ही कराल ना?"

पॅन आहे का, विचारलं. आहे म्हणाली. मग पाठव म्हटलं.

ताईंनी सकाळची वेळ मागितली होती. वय ४१, साधी सुती साडी, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली शंभर पानी वही. खुर्चीवर बसायच्या आधी त्यांनी दार लावू का, असं विचारलं. लावलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं. घर चालतं ते देहविक्रीवर. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालाय. बँकेत शैक्षणिक कर्ज मागितलं तर सहकर्जदार म्हणून आईच्या उत्पन्नाचा पुरावा मागतात. बाप नाही, म्हणजे कागदावर नाही. एक एजंट म्हणाला, शिवणकाम दाखवून पाच लाखांचं रिटर्न काढून देतो, सहा हजार घेईन. "पण मॅडम, मला सुईत दोरासुद्धा ओवता येत नाही. उद्या बँकेतनं कुणी मशीन बघायला आलं तर?"

त्यांचा प्रश्न मी अजून विसरले नाही. "आमच्या पैशावर सरकार कर घेतं का? आणि घेत असेल तर मग पोलिसांना कळतं का?"

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. कर लागतो तो उत्पन्नावर, मग ते कुठून आलं हे आयकर कायदा बघत बसत नाही. पियारा सिंग म्हणून एक जुना निकाल आम्ही अभ्यासाला वाचलेला. सीमेपलीकडे नोटा चोरून नेणाऱ्या माणसाच्या जप्त झालेल्या नोटा त्याच्या धंद्यातला तोटा म्हणून वजा द्यायला हव्यात, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० मध्ये सांगितलं. स्मगलिंगवर कर घेता, मग त्यातला तोटाही माना, असा तो रोखठोक हिशोब. पुढे सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली: गुन्हा ठरणाऱ्या किंवा कायद्यानं मना असलेल्या गोष्टीसाठी केलेला खर्च वजा मिळणार नाही. थोडक्यात, येणारा पैसा मोजायचा, पण जाणाऱ्या पैशाकडे डोळे वटारून बघायचं.

दुसऱ्या प्रश्नाला मला जरा वेळ लागला. पिटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्यात देहविक्री करणं हाच मुळात गुन्हा नाही. कुंटणखाना चालवणं गुन्हा आहे, दलाली गुन्हा आहे, रस्त्यावर उभं राहून गिऱ्हाईक बोलावणं गुन्हा आहे, देऊळ-शाळेपासून २०० मीटरच्या आत धंदा करणं गुन्हा आहे. या ताई एकट्या, स्वतःच्या भाड्याच्या खोलीत, स्वतःसाठी काम करणाऱ्या. घरवालीकडून, म्हणजे कुंटणखान्याच्या मालकिणीकडून, सुटून त्यांना काही वर्षं झालेली. एकटी बाई आपल्यापुरतं करते तेव्हा ती खोली व्याख्येनं कुंटणखाना होत नाही. पण पेठेत देवळापासून २०० मीटर लांब जाणार कुठे? तेव्हा अगदी निर्धास्त राहा, असं मी म्हणू शकत नव्हते, आणि म्हटलंही नाही. रिटर्नमध्ये पत्ता, बँक खातं, आकडे आणि एक कोड एवढंच जातं, कामाचं वर्णन कुणी लिहायला लावत नाही, इतकं मात्र खात्रीनं सांगितलं.

मग वही उघडली.

ताईंना लिहिता येत नाही. डाव्या पानावर रोजच्या उभ्या रेघा, पाचवी आडवी, जशी दूधवाल्याच्या कॅलेंडरवर असते. रेघांच्या रंगावरून दर कळायचा: निळी एक भाव, लाल दुसरा. उजव्या पानावर मुलीच्या वळणदार अक्षरात महिन्याची बेरीज. 'भाडं', 'लाईट', 'साडी', 'डॉक्टर' आणि एका ओळीवर फक्त 'ह'. त्या पोरीनं ही पानं दहावी-बारावीच्या अभ्यासासोबत लिहिलीत हे डोक्यात आलं आणि मी कॅल्क्युलेटर जवळ ओढला.

आठ महिने बरे, महिन्याला ४५ हजारांच्या आसपास. पावसाळा आणि सणासुदीचे चार महिने मंदे, २२ हजार. वर्षाची जमा ४ लाख ४८ हजार. खोलीचं भाडं रोजचं ३५०, महिना तीस दिवसांचा धरून वर्षाला १ लाख २६ हजार. लाईट-पाणी १८ हजार. कपडे, मेकअप, औषधं मिळून २४ हजार. निरोध संस्थेकडून फुकट. उरले २ लाख ८० हजार.

"आणि 'ह' मॅडम? महिन्याला हजार."

हप्ता कोणाला जातो ते मी विचारलं नाही. एवढंच सांगितलं, की तो वजा होत नाही.

"का? खर्च तर होतोच."

"होतो. पण तो देणंघेणंच बेकायदा आहे. त्यामुळे कायद्याच्या नजरेत ते १२ हजार तुमच्याच खिशात आहेत."

त्यावर त्या इतक्या मनापासून हसल्या की बाहेरच्या टेबलावरच्या मुलानं काचेतून डोकावून पाहिलं.

आता खरा पेच. छोट्या धंद्यांना जमेच्या ८ टक्के नफा धरून रिटर्न भरायची सवलत तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीमध्ये होती. खर्चाची एकही ओळ द्यावी लागत नाही, आणि इथे तीच मोठी सोय होती, कारण कुठला खर्च मना आहे आणि कुठला नाही या वादातच पडायला नको. पण ४ लाख ४८ हजारांचे ८ टक्के म्हणजे ३५ हजार ८४०. हे उत्पन्न बघून कुठली बँक कर्ज देणार? कलमात मात्र पुढे असंही होतं, की प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो दाखवा. बहुतेक लोक त्या ओळीपर्यंत जातच नाहीत. ८ टक्क्यांवर थांबतात आणि पुढच्या वर्षी कर्ज नाकारलं म्हणून माझ्याकडे तक्रार घेऊन येतात.

मी म्हटलं, खरे २ लाख ८० हजारच दाखवू.

ताईंचा चेहरा उतरला. "खरं दाखवलं तर कर किती बसेल?"

"काही नाही. शून्य."

त्यांना पटेना. नवीन करपद्धतीत या वर्षाला तीन लाखांपर्यंत करच नाही, तुमचं उत्पन्न त्याच्या आत आहे, रिटर्न भरायची सक्तीसुद्धा नव्हती, आपण भरतोय ते कागद हवा म्हणून, हे मी दोन-तीनदा समजावलं. इतकी वर्षं कर चुकवतोय या भीतीनं त्यांनी बँकेत पैसे ठेवायचं टाळलं होतं. भीती निघाली फुकाची. पण त्या भीतीपायी पैसे कुठे कुठे गेले ते ऐकलं तेव्हा मला खोटं रिटर्न काढून देणाऱ्या एजंटवर आला होता त्याहून जास्त राग आला. काही एका पतसंस्थेत पिग्मीला. पिग्मीचा एजंट रोज गल्लीत यायचा, सोय होती. ती पतसंस्था बुडाली. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. खरं सांगायचं तर हे माझ्या शिकल्यासवरलेल्या पक्षकारांनाही माहीत नसतं. उरलं ते सोन्यात. ते लॉकडाऊनमध्ये सावकाराकडे गहाण पडलं, शेकडा दहानं, तेही महिन्याला. राज्य सरकारनं २०२० च्या शेवटी तीन महिने ५ हजार रुपये आणि शाळेत जाणारी मुलं असतील तर वर अडीच हजार देऊ केले होते, तेव्हा ताईंकडे खातं नव्हतं. मैत्रिणीच्या खात्यात आले. मैत्रिणीनं अर्धे दिले.

खातं उघडलं ते आधार झाल्यावर. सर्वोच्च न्यायालयानं १९ मे २०२२ ला सांगितलं, की पत्त्याचा पुरावा नसला तरी राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या प्रकल्प संचालकांच्या किंवा नाकोच्या, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या, राजपत्रित अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावर या बायकांना आधार द्यावं, आणि त्या नोंदीत त्यांची ओळख उघड होईल असा कुठलाही कोड नसावा. आधार, मग खातं, मग पॅन, मग मी. एका कागदाच्या पाठीमागे दुसरा असा त्यांचा इथवरचा प्रवास झाला होता.

फॉर्म भरायला घेतला. आयटीआर-४, सुगम. त्यात धंद्याचा कोड निवडावा लागतो. मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि यादी वाचून दाखवली. केशकर्तन आणि सौंदर्यप्रसाधन. अंत्यविधीची कामं. विवाह मंडळ. पाळीव प्राण्यांची देखभाल. ज्योतिष.

"ज्योतिषीपण भरतात?"

"भरतात की नाही माहीत नाही. कोड आहे."

यादीच्या शेवटी 'इतर सेवा, अन्यत्र समाविष्ट नसलेल्या' होतं. शिवणकाम नाही, पार्लर नाही, खोटं काहीच नाही. मी तेच निवडलं. ओटीपी त्यांच्या मोबाइलवर आला, तो त्यांनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. रिटर्न गेलं.

मुलीचं पॅन काढायचं राहिलं होतं, ते त्याच बैठकीत केलं. बापाच्या नावाचा रकाना ही त्यांची दुसरी मोठी भीती. एजंटनं तिथेही कुणाचं तरी नाव घालायचा सल्ला दिलेला. ५ डिसेंबर २०१८ पासून आई एकटी पालक असेल तर पॅनच्या अर्जात बापाचं नाव सक्तीचं नाही, फक्त आईचं चालतं. मी रकाना रिकामा ठेवून पुढे गेले तेव्हा ताई म्हणाल्या, "अडकलं नाही?" नाही अडकलं.

एक गोष्ट मी त्या दिवशी त्यांना सांगू की नको, अशा विचारात होते. शेवटी सांगितली. पिटाच्या कलम ४ मध्ये, दुसऱ्याच्या देहविक्रीच्या कमाईवर जाणीवपूर्वक जगणाऱ्या अठरा वर्षांवरच्या कुणालाही दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कलम लिहिलंय दलालांसाठी, पण शब्द 'कोणतीही व्यक्ती' असे आहेत. मुलगी नुकतीच अठराची झाली होती. म्हणून फी आईनं रोखीनं कॉलेजात नेऊन भरण्यापेक्षा मुलीच्या नावावर कर्ज असणं, मुलीचं वेगळं खातं असणं मला बरं वाटत होतं. कर्जाचा हा फायदा कुठल्याच बँकेच्या पत्रकात छापलेला नसतो. ताई गप्प ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "तिला हे सांगू नका." मी नाही सांगितलं.

उरलेला वेळ पुढच्याबद्दल बोललो. या कामातली कमाई चाळिशीनंतर उतरते, हे त्यांनीच मला सांगितलं, मी काय सांगणार? अटल पेन्शनचं वय चाळीसला संपतं, ते एका वर्षानं हुकलं. एनपीएस या राष्ट्रीय पेन्शन योजनेत तेव्हा सत्तरीपर्यंत शिरता यायचं, पण त्यातला पैसा अडकतो आणि आजारपण केव्हा येईल सांगता येत नाही, म्हणून मी त्यावर जोर दिला नाही. २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही दोन-दोन लाखांचे, बँकेतून लगेच घ्यायला सांगितले. सावकाराचं सोनं सोडवायला बँकेचंच सोनेतारण कर्ज. भिशी बंद करू नका म्हटलं. माझे सीए मित्र नाकं मुरडतील, पण रात्री दोन वाजता पैसे लागले तर भिशीवाली बाई दार उघडते. फक्त वीस जणींत एकीच्याच हातात सगळी रोकड राहू नये. कोलकात्याच्या सोनागाछीतल्या बायकांनी १९९५ मध्ये उषा नावाची स्वतःची सहकारी संस्था काढली, तिथे त्या बचत करतात आणि कर्जही घेतात, हे सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "मग इथे का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बँकेनं एका वर्षाच्या रिटर्नवर भागणार नाही, दोन हवीत म्हणून अडवलं. मुलीची पहिल्या वर्षाची फी भिशीतून गेली. दुसऱ्या वर्षी आम्ही दुसरं रिटर्न भरलं आणि कर्ज मंजूर झालं, मागितलं त्यापेक्षा कमी, पण झालं.

त्या दुसऱ्या खेपेला ताई एकट्या आल्या नाहीत. सोबत तिघी होत्या, तिघींच्या हातात वह्या. दोघींचं काम सरळ होतं. तिसऱ्या वयानं मोठ्या, अंगावर दागिने, हिशोब तारीखवार आणि स्वच्छ. दोन पानं उलटल्यावर लक्षात आलं की या घरवाली आहेत. पाच खोल्या, निम्मा वाटा त्यांचा.

मी वही मिटली. त्यांना म्हटलं, "बाई, हे उत्पन्न करपात्र आहे, आणि भाडं, लाईट, काही वजा मिळणार नाही, कारण कुंटणखाना चालवणं हाच गुन्हा आहे. पहिल्याच वेळेला किमान एक वर्ष. आधी फौजदारी वकिलाला भेटा, मग माझ्याकडे या."

"म्हणजे कर घेणार आणि वर आतपण टाकणार?"

"कायदा तसाच आहे."

त्यांनी वही पिशवीत टाकली आणि ताईंकडे वळून म्हणाल्या, "तुझं बरंय, तू वेळेत सुटलीस माझ्याकडनं."

ताईंची जुनी घरवाली कोण, ते मला तेव्हा कळलं.