बुर्गहाउझेन : लांबच लांब किल्ल्याखालचं गाव

जर्मनीतला किल्ला म्हटलं की बहुतेकांना नॉयश्वानस्टाइनच आठवतो. म्युनिकला आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा तिथे जायचा हट्ट धरतो. छान आहे तो, पण १८६९ साली पायाभरणी झालेला, एकही लढाई न पाहिलेला हौशी राजवाडा आहे. तटबंदी, दरवाजे, कोठारं, तुरुंग आणि आत आजही राहणारी माणसं असा किल्ला बघायचा असेल तर मी पाहुण्यांना उलट्या दिशेला, बुर्गहाउझेनला पाठवते. यंदा स्वतःच पुन्हा जाऊन आले.

म्युनिकहून म्यूलडॉर्फपर्यंत एक गाडी, तिथून दुसरी. ही दुसरी शेतं आणि चर्चचे मनोरे दाखवत आल्टओटिंगवरून निवांत जाते. आल्टओटिंग म्हणजे काळ्या मेरीमातेचं ठाणं, बव्हेरिया या जर्मन राज्यातल्या कॅथलिकांचं मोठं तीर्थक्षेत्र. पाठीवर सॅक घेतलेली वयस्कर मंडळी तिथे उतरली आणि डबा जवळजवळ रिकामा झाला.

बुर्गहाउझेनला उतरल्यावर मात्र निराशा होते. समोर सुपरमार्केट, चारमजली घरं, गाड्यांचे पार्किंग. किल्ल्याचा पत्ता नाही. कारण स्टेशन नव्या गावात, वरच्या पठारावर आहे. जुनं गाव खाली नदीकाठी. किल्ला या दोहोंच्या मधे, पण पठाराच्याच पातळीवर सुरू होतो, त्यामुळे उत्तरेकडून गेलं तर चढ असा लागतच नाही. एका चौकातून सरळ चालत राहायचं, एक दरवाजा ओलांडायचा, की तुम्ही किल्ल्यात.

इथली भौगोलिक रचना समजली की निम्मा इतिहास आपोआप कळतो. झाल्त्साख नदी आल्प्समधून निघते, साल्झबुर्ग शहरातून वाहते आणि बुर्गहाउझेनच्या थोडं पुढे इन नदीला मिळते. इन पुढे पासाऊला डॅन्यूबमध्ये जाते. बुर्गहाउझेनपाशी झाल्त्साखने कधी काळी आपला एक फाटा सोडून दिला. तो आज व्योरझे नावाचा लांबट तलाव आहे. पूर्वेला नदी, पश्चिमेला तलाव आणि मधे उरली एक उंच, अरुंद सोंड. किल्ला तिच्यावर बांधला, म्हणून तोही तसाच झाला : १०५१ मीटर लांब, आणि रुंदीला जेमतेम. राजगडाची संजीवनी माची चाललेल्या माणसाला हा प्रकार लगेच ओळखीचा वाटेल. जगातला सर्वात लांब किल्ला म्हणून याची नोंद आहे आणि गावकरी ती सांगायची एकही संधी सोडत नाहीत.

आत एकामागोमाग एक पाच बाहेरची आवारं आणि दक्षिण टोकाला मुख्य किल्ला, म्हणजे आपला बालेकिल्ला. दोन आवारांच्या मधे पूर्वी खंदक आणि उचलता पूल असायचे. शत्रूने एक आवार घेतलं तरी पुढचं पुन्हा लढून घ्यायचं. पण मला जास्त रस वाटला तो कामांच्या वाटणीत. टोकाच्या आवारात माळी आणि वनरक्षक. पुढे चॅपल. त्यानंतरच्या आवारात तुरुंगाचा बुरूज, तिथेच जल्लादाचं घर. मग धान्याची कोठारं, शस्त्रागार, आणि बालेकिल्ल्याला लागून घोड्यांच्या पागा, बिअर बनवायची भट्टी, भटारखाना. एवढी लांबी राजेशाही थाटासाठी नव्हती. बाराही महिने चालणाऱ्या कारभारासाठी होती.

आणि हा कारभार पुरता थांबलेला नाही. बाहेरच्या आवारांतली जुनी घरं भाड्याने दिली आहेत. एका दाराशी पितळी घंटेखाली टपालपेटी, त्यावर जाहिरातींची पत्रकं टाकू नका अशी चिठ्ठी. शेजारी लहान मुलाची तीनचाकी आणि कुंडीत टोमॅटोचं रोप, काठीला हिरव्या सुतळीने बांधलेलं. समोर पाचशे वर्षांचा तट. आवारांतून फिरायला तिकीट नाही, दिवसा-रात्री कधीही जा. तिकीट फक्त बालेकिल्ल्यातल्या संग्रहालयांना.

बालेकिल्ल्याच्या अलीकडे गेओर्गचा दरवाजा लागतो. त्याच्यावर बव्हेरिया आणि पोलंड यांची राजचिन्हं शेजारी-शेजारी कोरलेली आहेत. इथे थांबून थोडी गोष्ट सांगायलाच हवी.

१२५५ साली बव्हेरियाच्या वाटण्या झाल्या. खालच्या बव्हेरियाची राजधानी लांड्सहूट झाली आणि बुर्गहाउझेन दुसरं राजनिवासस्थान. पंधराव्या शतकात इथल्या घराण्यात हाइनरिश, लुडविग आणि गेओर्ग असे लागोपाठ तीन ड्यूक झाले. तिघांनाही लोक ‘श्रीमंत’ म्हणत, आणि उगाच नाही. पैसा येत होता मिठातून. साल्झबुर्गजवळच्या हालाइनच्या खाणींतलं मीठ होड्यांनी झाल्त्साखमधून खाली यायचं आणि बुर्गहाउझेनला त्याच्यावर जकात बसायची.

गेओर्गचं लग्न १४७५ साली पोलंडच्या राजकन्येशी, हेडविगशी झालं. क्राकोवहून वऱ्हाड यायला जवळजवळ दोन महिने लागले. लग्न लांड्सहूटला, खुद्द सम्राट हजर. जेवणावळीचे हिशेब अजून सांगितले जातात : ३२३ बैल, ४०,००० कोंबड्या. लांड्सहूटचे लोक आजही दर चार वर्षांनी हे लग्न साग्रसंगीत उभं करतात. तिथे वधू कायम तरुण, मुकुट घातलेली, हसरी. त्या वधूचं पुढचं आयुष्य मात्र इथे, बुर्गहाउझेनला गेलं. नवरा आपल्या दरबारात, ही मुलांसह इथल्या किल्ल्यात.

गोष्टीवेल्हाळ लोक सांगतात की गेओर्गने तिला इथे डांबून ठेवलं होतं. मला ते पटत नाही. ड्यूकची बायकामुलं आणि खजिना बुर्गहाउझेनला ठेवायचा, ही या घराण्याची आधीपासूनची रीत होती. जागा सुरक्षित, आणि हेडविगच्या दिमतीला स्वतःचं बिऱ्हाड होतं. तरी बालेकिल्ल्यातल्या राणीवशाच्या खिडकीशी उभं राहून खाली नदीकडे पाहिलं, तेव्हा माहेर किती दूर होतं तिचं, हे मनात आल्याशिवाय राहिलं नाही. १५०२ साली ती इथेच वारली. दफन सहा-एक किलोमीटरवरच्या राइटेनहास्लाखच्या मठात. वेळ असेल तर नदीकाठच्या वाटेने तिथे चालत जावं. मठ १८०३ मध्ये बंद झाला, बरोक चर्च मात्र झगमगीत आहे, आणि काही इमारतींत म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाचं केंद्र चालतं.

हेडविगचे मुलगे जगले नाहीत. मग गेओर्गने घराण्याचा करार (मुलगा नसेल तर राज्य म्युनिकच्या शाखेकडे) मोडून मृत्युपत्रात मुलीच्या, एलिझाबेथच्या नावावर राज्य केलं. १५०३ च्या डिसेंबरात तो गेला आणि भाऊबंदकी पेटली. १५०४ मध्ये लढाई ऐन भरात असताना एलिझाबेथ आणि तिचा नवरा दोघंही वारले. पुढच्या वर्षी निवाडा झाला, राज्य म्युनिकच्या शाखेकडे गेलं आणि बुर्गहाउझेनचा दरबार उठला. तुर्कांच्या भीतीने गेओर्गने नुकतेच भक्कम केलेले तट कामी आले ते दुसऱ्यांना. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा सेनापती गुस्ताफ हॉर्न इथे कित्येक वर्षं कैदेत होता.

किल्ल्यावरून खाली पायवाट उतरते ती थेट जुन्या गावात. गावाला रुंदी नाहीच. कडा आणि नदी यांच्यामधे मावेल तेवढंच. मुख्य चौकातली घरं पिस्ता, गुलाबी, पिवळी. दर्शनी भिंत छपराच्या वर नेलेली, त्यामुळे उतरतं छप्पर रस्त्यावरून दिसत नाही. इन आणि झाल्त्साखकाठच्या बऱ्याच गावांत ही पद्धत आहे. आग एका घरावरून दुसऱ्या घरावर जाऊ नये हा एक हेतू.

हा चौक इतका शाबूत राहिला तो गावाच्या हलाखीमुळे, असं माझं मत आहे. १५९४ साली ड्यूकने मिठाचा व्यापार सरकारी केला, गावाची मिळकत आटली. १७७९ च्या टेशेनच्या तहात नदीपलीकडचा मुलूख ऑस्ट्रियाला गेला आणि प्रदेशाच्या मधलं गाव एका फटक्यात सरहद्दीवरचं झालं. मागचं अर्धं गिऱ्हाईकच तुटलं. नेपोलियनच्या काळात किल्ल्याचं लष्करी महत्त्वही संपलं. जुनं पाडून नवं बांधायला पैसा कुणाकडे होता?

तो आला विसाव्या शतकात, पुन्हा पाण्यावरून. जवळची आल्त्स नदी झाल्त्साखपेक्षा बरीच उंचावरून वाहते. तिचं पाणी कालव्याने आणून कड्यावरून खाली सोडलं की वीज मिळते, हे हेरून अलेक्झांडर वाकरने इथे रसायनांचा कारखाना काढला. १९१६ मध्ये उत्पादन सुरू झालं. आज वाकर कंपनीचं हे सर्वात मोठं ठिकाण आहे. संगणकाच्या चिपसाठी लागणारं अतिशुद्ध सिलिकॉन इथे बनतं. कारखाना पठारावर, नव्या गावापलीकडे उभा राहिला, म्हणून खालच्या चौकाला धक्का लागला नाही.

पूल ओलांडून ऑस्ट्रियातल्या आख गावी जायला दोन मिनिटं पुरतात. किल्ला अख्खा, या टोकापासून त्या टोकापर्यंत, फक्त तिथल्या चढावरून दिसतो. फोटोत मावत नाही, पॅनोरमा घ्या. परतल्यावर ग्र्यूबेन या कारागिरांच्या जुन्या गल्लीत शिरा. फरसबंदीत जॅझ कलावंतांच्या नावांचे ब्राँझचे पत्रे बसवले आहेत, कारण १९७० पासून इथे दर वर्षी जॅझ महोत्सव भरतो. तो साधारण मार्चमध्ये असतो. त्या आठवड्यात गावात खोली मिळायची आशा धरू नका. उन्हाळ्यात गेलात तर पोहायचे कपडे न्या, व्योरझेमध्ये तटबंदीच्या सावलीत पोहता येतं. आणि बायर्न तिकीट (बव्हेरियात दिवसभर चालणारं रेल्वेचं तिकीट) काढणार असाल तर कामाच्या दिवशी ते सकाळी नऊनंतरच चालतं.