काना गेला

एका दुपारी साधेसे पत्र लिहीत असताना 'आपला मान राखून' या शब्दांच्या जागी पडद्यावर 'पल मन रखून' असे उमटले आणि माझ्या लॅपटॉपचा काना गेल्याचे लक्षात आले. तसे पाहिले तर गेली होती रोमन 'ई'ची की. पण मी इन्स्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड-मांडणीवर टाइप करतो, आणि तिथे त्या एकाच कीवर काना असतो व शिफ्टसह 'आ' असतो. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेल्या या मांडणीत स्वरचिन्हे डाव्या हाताकडे आणि व्यंजने बहुतांशी उजव्या हाताकडे येतात. त्यामुळे माझा डावा हात दिवसभर काने, मात्रा आणि वेलांट्या पुरवीत बसलेला असतो. इंग्रजीतला 'ई' गळाला तर वाचणारा अंदाजाने वाचून घेतो. मराठीतला काना गळाला की बरेचदा दुसराच धडधाकट शब्द उभा राहतो. काळाची कळ होते, दाराचा दर होतो, आणि शुद्धलेखन तपासणारी सोय त्याखाली लाल रेघसुद्धा ओढत नाही.

की पूर्ण गेली असती तर एक वेळ बरे झाले असते, पण ती लहरी झाली होती. कधी दाबूनही काना येत नसे, तर कधी एकदा दाबल्यावर दोन येत. आणि दुसऱ्या कान्याला टेकायला अक्षर न मिळाल्यामुळे तो ठिपक्यांच्या एका रिकाम्या वर्तुळाला धरून उभा राहत असे. ते वर्तुळ पाहून मला पहिल्यांदा हसू आले होते, हे खरे आहे.

लहानपणी वडिलांचा मराठी टाइपरायटर होता. त्याच्या एका अक्षराचा दांडा वाकला होता आणि ते अक्षर नेहमी ओळीच्या किंचित वर उमटे. दोन कळा एकदम दाबल्या की दोन दांडे हवेत एकमेकांत अडकत. वडील ते बोटाने सोडवीत आणि शाई लागलेले बोट जुन्या कागदाला पुसत. दुरुस्ती करणारे गृहस्थ यंत्र उलटे करून बारीक ब्रशने धूळ झाडत असताना मी शेजारी बसून असे, आणि कोणता दांडा बिघडला आहे हे मलाही बोट दाखवून सांगता येई.

लॅपटॉपच्या कीखाली असे दाखवण्याजोगे काही नसते. कात्रीसारखे एकमेकांत अडकवलेले प्लास्टिकचे दोन तुकडे, त्यांच्या मधोमध रबराची लहानशी टोपी आणि तिच्याखाली विद्युतवाहक रेघा छापलेले पातळ थर, एवढाच तो संसार. की दाबली की दोन थर एका बिंदूला टेकतात. टेकताना ते क्षणभर थरथरतातही, आणि ती काही मिलिसेकंदांची थरथर संगणकाने दुर्लक्षित करायची असते; ती लांबली की एकाचे दोन काने होतात. या रेघा आडव्या-उभ्या जाळीत मांडलेल्या असल्यामुळे एक रेघ तुटली की एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या चार-दोन की एकदम मुक्या होतात. माझी मात्र एकटीच रुसली होती, आणि तीही मशिन तापल्यावर.

सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर, बॅगेतून थंडगार बाहेर काढलेल्या लॅपटॉपवर, टेक्निशियनने नोटपॅड उघडून ती की दाबली आणि ओळभर 'ई' एकापाठोपाठ एक सरळ उमटले. डॉक्टरांपुढे ताप उतरलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांसारखा मी उभा राहिलो. "यात तर काही प्रॉब्लेम दिसत नाही, सर," असे त्याने नम्रपणे सांगितले आणि जॉब शीटवर तसेच लिहिले. त्याआधी त्याने टॉर्च लावून कीबोर्डच्या फटी पाहिल्या होत्या, कारण आत पाणी गेल्याची खूण सापडली तर वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. वॉरंटीच्या कागदाला मेलेली की कळते, पण अधूनमधून मरणारी की कळत नाही, आणि बिघाड सिद्ध करण्याची जबाबदारी मात्र बिघाडाने त्रासलेल्या माणसावरच येते. ही व्यवस्था मला मुळातच उफराटी वाटते.

एकट्याचा बिघाड ही तक्रार असते, हजारोंचा झाला की तिची योजना होते. ॲपलने २०१५ साली आणलेल्या 'बटरफ्लाय' कीबोर्डच्या बाबतीत असेच घडले. धुळीच्या कणानेही की अडकते किंवा अक्षर दोनदा उमटते, अशी ओरड वाढत गेल्यावर २०१८ मध्ये कंपनीने खरेदीपासून चार वर्षे मोफत दुरुस्ती जाहीर केली, २०१९ पासून पुन्हा कात्रीची रचना स्वीकारायला सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेतील ग्राहकांच्या सामूहिक दाव्यात पाच कोटी डॉलर देऊन तडजोड केली. माझ्या बाजूला ओरड करायला कोणी नव्हते. मी घरी आलो, मशिन तापू दिले, उजव्या हातात फोन धरून डाव्या हाताने की दाबत राहिलो आणि गळणाऱ्या कान्याचा व्हिडिओ काढला. रिकामी खोकी आणि बिले वर्षानुवर्षे जपून ठेवण्याच्या माझ्या सवयीची घरात होणारी चेष्टा त्या आठवड्यापुरती थांबली.

व्हिडिओ पाहिल्यावर दुरुस्ती मान्य झाली. मग बॅकअप घेतल्याबद्दल सही करायची होती आणि पासवर्डही लिहून द्यायचा होता. तो मी दिला नाही. स्वतंत्र पाहुणे खाते उघडून दिले आणि सर्वांनी हेच करावे असे माझे मत आहे. एका कीसाठी आख्खे वरचे आवरण बदलावे लागले, कारण कीबोर्ड त्याला प्लास्टिकच्या असंख्य बारीक खिळ्यांनी कायमचा जोडलेला होता. बोटांनी घासून गुळगुळीत केलेल्या की त्याच्याबरोबर गेल्या. काढलेला भाग अटींनुसार कंपनीचा होतो.

आता काना व्यवस्थित येतो. व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. नव्या भागाची मुदत संपेपर्यंत तो राहू दे, असे मनात आहे. तो जुन्या कीबोर्डचा आहे आणि नव्यासाठी त्याचा काडीचाही उपयोग नाही, हे ठाऊक असूनही.