दिवा लागलाय ना?

आमची बिल्डिंग सात मजल्यांची, लिफ्ट एकच, आणि मी राहते सातव्यावर, त्यामुळे माझं निम्मं आयुष्य लिफ्टची वाट बघण्यात गेलंय असं म्हटलं तर फार काही अतिशयोक्ती होणार नाही (होईल, पण थोडीच). तर होतं काय, की मी दाराला कुलूप लावते, लिफ्टपाशी येते, बटण दाबते आणि बटणाभोवती तो लाल गोल दिवा लागतो, म्हणजे लिफ्टला कळलं, सातव्यावर कोणीतरी ताटकळतंय, विषय संपला. पण कुठला संपायला! चार सेकंदांनी मी परत दाबते, मग परत, आणि मग जरा जोर लावून अंगठ्याने, जणू काही मगाशी तिला नीट ऐकू गेलं नव्हतं.

मध्ये एकदा आई सोबत होती. ती हल्ली आमच्याकडेच असते, गुडघ्यांमुळे तिचा जिना बंद आहे. बघत होती बराच वेळ, मग म्हणाली, "दिवा लागलाय ना?"

"लागलाय."

"मग कशाला टोचतेयस त्याला सारखी?"

ती बोलली बटणाबद्दल, पण लागलं मला दुसरीकडेच. कारण गेले आठ महिने माझं देवाशी अगदी हेच चाललंय. आमचं डिपार्टमेंट बंद झालं, बारा वर्षांची नोकरी एका मीटिंगमध्ये संपली, नंतर एका ठिकाणी इंटरव्ह्यूचे तीन राउंड झाले आणि "कळवतो" म्हणाले, ते अजून कळवतायत. त्याच दिवसांत लेक हॉस्टेलला गेली आणि आई इकडे आली, म्हणजे घरातल्या माणसांची बेरीज तेवढीच, पण कोणीतरी रात्रीत सगळं फर्निचर हलवून ठेवावं तसं झालंय, अंधारात उठलं की पायाला काहीतरी लागतंच. आणि रोज रात्री मी तेच मागणं, त्याच शब्दांत, फक्त आवाज थोडा वाढवून. सकाळी उठल्यावर पहिलं काम मेल रिफ्रेश करणं. दुपारी परत. बटण, बटण, बटण.

आपल्या भाषेची एक गंमत आहे बघा. आपण वाट 'बघतो'. म्हणजे येणाऱ्याच्या रस्त्याकडे डोळे लावून बसतो, मनाने निम्मे रस्त्यावरच असतो. आणि दुसरा शब्द 'थांबणं'. थांब म्हणजे जरा दम धर, आणि थांब म्हणजे बंद कर ते, दोन्ही अर्थ एकाच शब्दात. आता वरून मला नुसतंच "थांब" ऐकू येत असेल तर त्यातला नेमका कुठला थांब हे कसं कळायचं? हा प्रश्न मी देवाला विचारून झालाय. त्यावर पण उत्तर थांबच असावं.

बाकी, "जे होतं ते चांगल्यासाठीच होतं" असं नोकरी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी फोन करून सांगणाऱ्या लोकांवर माझा स्पेशल राग आहे. असेलही चांगल्यासाठी, पण ते मला दहा वर्षांनी मागे वळून म्हणू द्या ना, आज तुम्ही कशाला म्हणताय.

तर लिफ्ट. आईच्या त्या बोलण्यानंतर मी जरा वाचत बसले (वेळच वेळ आहे). बहुतेक लिफ्टचं डोकं असं चालतं की ती एका दिशेला निघाली की त्या दिशेची सगळी बोलावणी घेत जाते आणि ती संपली की मग उलटी फिरते. म्हणजे मी सातव्यावर खाली जायला उभी असते, लिफ्ट चौथ्यापर्यंत येते, मला वाटतं आलीच, आणि ती तिथून चक्क खाली जाते, कारण आत बसलेल्याला चौथ्यावर सोडलं, वर अजून माझा कॉल आहे तरी... थांबा, इथे मी आमच्या लिफ्टवर अन्याय करतेय, अशी ती जात नाही. वर यायला निघाली की वर येतेच. मला तो आकडा बघून राग येतो तेव्हा ती आधीच खाली निघालेली असते, कोणाला तरी घेऊन, आणि त्या माणसाला सोडल्याशिवाय मागे फिरणार नसते. मला आकडे तेवढे दिसतात, पाच, चार, तीन, माझ्यापासून लांब लांब चाललेले. आत व्हीलचेअरवाले आजोबा आहेत की कोणाच्या घराचं सामान चाललंय हे इथून दिसायची सोय नाही. आणि मी कितीही वेळा बटण दाबलं तरी तिच्या लेखी तो एकच कॉल, पहिल्या दाबण्याचा. बाकीचं सगळं माझ्या अंगठ्याचं समाधान.

अजून एक सापडलं आणि ते मला भयंकर आवडलं. लिफ्टमध्ये माणसं बसायला लागली त्याच्या आधी लोकांना सरळ भीती होती, दोर तुटला तर? आणि दोर तुटायचेच. मग 1854 मध्ये न्यूयॉर्कच्या एका मोठ्या प्रदर्शनात एलिशा ओटिस नावाचा माणूस उघड्या प्लॅटफॉर्मवर उभा राहून सगळ्यांसमोर उंच गेला आणि त्याने वरचा दोर कापायला सांगितलं. कापला. प्लॅटफॉर्म जरासा घसरला आणि जागच्या जागी थांबला, लोक बघतच राहिले. करामत काय होती, तर वर एक पोलादी स्प्रिंग होती, दोराच्या ताणाने वाकलेली. दोर शाबूत आहे तोवर ती नुसती वाकून बसणार, तिचा काही उपयोगच नाही. दोर तुटला की ताण गेला, स्प्रिंग सरळ झाली आणि तिची दोन्ही टोकं बाजूच्या दातेरी पट्ट्यांमध्ये जाऊन रुतली. पुढे 1857 मध्ये तिथेच एका दुकानात ओटिसची माणसांसाठीची पहिली लिफ्ट बसली.

हे वाचून मी बराच वेळ तशीच बसले होते. बारा वर्षं दर महिन्याला पगार होत होता, तो माझा दोर. तेव्हा देवावर विश्वास आहे का असं कोणी विचारलं असतं तर मी लगेच हो म्हणाले असते आणि ते खोटंही नव्हतं, फक्त त्या विश्वासाला तोवर काही कामच पडलं नव्हतं. आता पडलंय. थोडं घसरले मी, नाही असं नाही. पण आठ महिने झाले आणि मी अजून तळाशी आपटलेली नाहीये, हे कसं, याचा हिशोब मला वहीत मांडून दाखवता येत नाही. सेव्हिंग्ज, नवऱ्याचा पगार वगैरे सगळं धरलं तरी काहीतरी उरतंच.

आता आपण फार समजूतदार आहोत असं वाटू नये म्हणून सांगते, तिसऱ्या महिन्यात माझा धीर सुटला होता. मिळेल ती नोकरी घेतली, पहिल्याच दिवशी कळलं की चुकलं, पाच आठवड्यांत सोडली. म्हणजे लिफ्ट येत नाही म्हणून जिना धरला, दोन मजले उतरले आणि मागे लिफ्ट आल्याची घंटा ऐकली (एका ओळखीच्यांकडून बरं काम आलं होतं, मी बिझी आहे म्हणून ते दुसऱ्याला गेलं). तेव्हापासून मला बायबलमधल्या अब्राहाम आणि सारा या नवरा-बायकोच्या गोष्टीतली सारा फार जवळची वाटते. अब्राहाम घर सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा, तुझा मोठा वंश होईल असा शब्द मिळालेला, आणि साराला मुलगा, इसहाक, झाला तेव्हा तो 100 वर्षांचा. पंचवीस वर्षं! लोक गोष्ट सांगताना ही पंचवीस वर्षं एका वाक्यात उरकतात. साराने दहा वर्षं धीर धरला आणि मग जिना पकडला, आपली दासी हागार नवऱ्याला दिली, मूल तरी होईल म्हणून. मूल झालं, अब्राहाम तेव्हा 86 वर्षांचा, आणि त्या मुलापायी घरात जे सुरू झालं ते पुढे कित्येक वर्षं मिटलं नाही, आणि भोगलं सगळ्यात जास्त कोणी तर जिने काहीच मागितलं नव्हतं त्या हागारने. हे मला अजूनही खुपतं, साराला माफ केलं तरी खुपतं.

पण त्या मुलाचं नाव काय ठेवलं माहितीये? इश्माएल. अर्थ, देव ऐकतो. घाईतून जन्मलेलं, कोणाच्या प्लॅनमध्ये नसलेलं पोर, आणि नाव हे. आणि नंतर वाट बघून बघून झालेला तो इसहाक म्हणजे 'हसतो', कारण म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती दोघंही आधी हसलीच होती. म्हणजे विश्वासाची एवढी नावाजलेली माणसं, आणि ऐन वेळी हसली. मला हे वाचून किती बरं वाटलं ते सांगता येत नाही.

तेव्हापासून रात्रीचं मागणं मी जरा बदललंय. एकदाच सांगते. नंतर बाकीच्यांचं बोलते, लेकीला रूममेट बरी मिळू दे, आईचे गुडघे, त्या दुसऱ्या ज्याला ते काम मिळालं त्याचं नीट चालू दे (हे म्हणायला मला तीन आठवडे लागले, आणि अजून दात थोडे आवळूनच म्हणते). मेल मात्र अजून रिफ्रेश करते. दिवसातून चारदाच, पूर्वीच्या मानाने काहीच नाही.

काल लेक सुट्टीला येणार होती. खालून तिचा फोन आला, "पोचले, येतेय वर", आणि आई जी उठली ती कोणाचं न ऐकता लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. आकडा शून्यावर. आईने बटण दाबलं, दिवा लागला. लिफ्ट हलेना, पोरगी बहुतेक बॅगा आत घेत असणार. आईने परत दाबलं. मग परत, काठीच्या टोकाने.

मी म्हटलं, "आई, दिवा लागलाय ना?"

"दिसतंय मला," ती म्हणाली, आकड्यावरची नजर न काढता, आणि अजून एकदा दाबलं.