रिकामी दोरी

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. पालकसभेत विचारलंत, बदली होऊन आलेल्या शिक्षकांनी विचारलं, परवा फोंड्याच्या बाजारात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या आईनेही विचारलं: तिसरीतल्या मुलांना अजून सरळ ओळीत धड लिहिता येत नाही, आणि तुम्ही त्यांना माशाच्या नि माडाच्या आकारात कविता लिहायला का लावता? हा तास भाषेचा की चित्रकलेचा?

भाषेचा. माडाचं खोड उभं असतं, म्हणजे एका ओळीत एकच अक्षर. मग 'पाण्यात' कसं लिहायचं? पा, खाली ण्या, त्याखाली त. काना एकटा खाली उतरत नाही, जोडाक्षराचा हात सुटत नाही. हे मी फळ्यावर वर्षभर सांगितलं तरी पोचत नाही. खोडावरून एकेक अक्षर उतरवताना पोचतं. मासा शेपटीपाशी अरुंद होतो, तिथे 'चमचमणारा' मावत नाही. मूल पेन्सिल चावतं, खोडतं आणि 'ओला' लिहितं. शब्द निवडणं याहून वेगळं काय असतं?

हे इंग्रजी शाळांचं फॅड आहे, असंही ऐकते. इंग्रज कवी जॉर्ज हर्बर्टची पंखांच्या आकाराची कविता 1633 साली छापली गेली, हे खरं. पण त्याच्या कित्येक शतकं आधी संस्कृत कवी माघाने 'शिशुपालवधा'च्या एकोणिसाव्या सर्गात चक्रबंध आणि मुरजबंध रचले होते. चाकात आणि मृदंगात बसणारे श्लोक आपल्याला परके नाहीत. आता कबूल करायचंच तर हेही करते: काव्यशास्त्रकार मम्मटाने अशा चित्रकाव्याला सगळ्यात खालची पायरी दिली, कारण त्यात न बोलता सुचवलेला अर्थ नसतो. हे वाक्य मला टोचत राहतं. त्याचं कारण गणेशचवथीनंतरच्या एका तासात आहे.

त्या दिवशी मी माटोळी लिहायला दिली होती, म्हणजे आमच्या गोव्यात चवथीला गणपतीच्या वर फळं बांधून टांगतात ती चौकट. मला ती कल्पना फार आवडली होती. देवनागरी अक्षरं शिरोरेषेला लोंबकळतात, माटोळीच्या लाकडी चौकटीला फळं लोंबकळतात तशीच. वर आडवी रेघ, खाली दोऱ्या, प्रत्येक दोरीला एक शब्द किंवा एक ओळ. मी झेरॉक्स काढून आणल्या होत्या, सहा दोऱ्यांच्या. मुलांनी नारळ टांगले, तवशीं टांगली, चिबूड, तोरींग, सुपारीचा घोस. कोंकणी शब्द मराठीत का, हा प्रश्न मी केव्हाच सोडून दिला आहे. त्या फळांना घरात जे नाव आहे तेच.

एका मुलीने पाच दोऱ्या भरल्या. चौथी रिकामी. मधली, म्हणजे लगेच डोळ्यात भरणारी. मी म्हटलं, "ही राहिली बघ." ती काही बोलली नाही. मी फेरी मारून परत आले तरी तशीच. "अगं, आकार बिघडतो ना. काहीही लिही. केळी लिही." तिने केळी लिहिलं. सुंदर अक्षर होतं. मी कागद भिंतीवर लावला.

शनिवारी तिला न्यायला तिचा आजो आला. गुडघ्याने पाय ओढत चालत होता. नातीचा कागद कुठला ते त्याने विचारलं आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभा राहिला. मग तिला म्हणाला, "हांगा केळीं कोणें बरयलीं?"

"टिचरान सांगलें म्हणून."

मग त्यानेच मला सांगितलं. दर वर्षी कांगलांचे घोस तो स्वतः रानातून आणायचा. कुठल्या वेलीवर मिळतात ते घरात त्यालाच ठाऊक. यंदा गुडघ्यामुळे जमलं नाही. मुलगा म्हणाला, बाजारातून आणू. आजो म्हणाला, विकतचं नको, ती जागा तशीच राहू दे. घरच्या माटोळीवर एक दोरी रिकामी राहिली होती. मुलीने ती जशीच्या तशी लिहिली होती. वर्गातल्या बत्तीस कागदांत न बोलता काही सांगणारी तेवढी एकच जागा होती, आणि ती मी केळ्यांनी बुजवली.

तो रागावला नव्हता. ते जास्त लागलं.

सोमवारी मी कागद उतरवला, केळी खोडरबरने पुसलं आणि तिला विचारलं, "इथे कांगलां लिहायचं का?" ती म्हणाली, "नाका. थंय कांयच ना." नको, तिथे काहीच नाही. पुसलेल्या केळींचा वण अजून दिसतो. कागद माझ्या कपाटात आहे.

आधीची मी, झेरॉक्स घेऊन वर्गात शिरणारी, अजून माझ्याशी भांडते. ती म्हणते, आठ वर्षांच्या मुलाला कोरा कागद दिलास तर तो घाबरतो. रेघ आखून दिली की लिहायला लागतो. खरं आहे, मी पाहिलंय. मी तिला म्हणते, पण रेघ आखलीस की ती भरायची सक्तीही आपोआप येते. आता मी झेरॉक्स देत नाही. आधी शब्द गोळा करतो, वासाचे, आवाजाचे, हाताला लागणारे. मग आकार ज्याचा त्याने काढायचा. काही मुलं यात अडकून बसतात, दोन तास काहीच लिहीत नाहीत. त्यांच्या आया मला बाजारात भेटतात.

गेल्या गुरुवारी एका मुलाने मोठा मासा काढला आणि तोंडापाशी एकच शब्द लिहिला: गळ. बाकी सगळा मासा कोरा. मी बाकापाशी थांबले.

"जालें?"

"जालें."

त्याला खरंच तेवढंच म्हणायचं होतं की खेळायला जायची घाई होती, ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी कागद घेतला.