बँकॉकमधलं ‘स्टेशनजवळचं’ हॉटेल आणि मधला कालवा

सुखुमवितच्या एका गल्लीच्या टोकाला, पत्र्याच्या कुंपणाशी बॅगा टेकवून आम्ही तिघं उभे होतो. समोर काळपट हिरवं पाणी. पाण्यात चांगली चार फुटी घोरपड निवांत पोहत चाललेली. आणि पलीकडच्या काठावर आमचं हॉटेल. पाटीवरचं नाव वाचता येत होतं, दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी टॉवेल वाळत घातलेला दिसत होता. पूल मात्र कुठेच नव्हता.

मेहुणा म्हणाला, “दाजी, पोहता येतं ना तुम्हाला?”

बुकिंग मी केलेलं. त्यामुळे पुढचे सहा दिवस हे ऐकणं माझ्या नशिबी होतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी, बायको आणि मेहुणा बँकॉकला गेलो होतो. मुंबईहून रात्रीचं विमान, सकाळी सुवर्णभूमीला उतरलो. बँकॉकचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, झोप झालेली नाही आणि खोली दुपारी २ नंतर मिळणार. या अवस्थेत माणसाची सहनशक्ती फार नसते, हे आधीच सांगून ठेवतो. पुढे जे चिडून लिहिलंय त्यात थोडा वाटा त्या सकाळचा आहे.

हॉटेलच्या पानावर लिहिलं होतं: नाना बीटीएस स्टेशनपासून ९०० मीटर. (बीटीएस म्हणजे बँकॉकची खांबांवरून धावणारी मेट्रो.) आता ९०० मीटर म्हणजे काय हो! दर रविवारी सिंहगड चढणारी माणसं आम्ही. पण ते अंतर सरळ रेषेत उडणाऱ्या कावळ्याचं होतं. सुखुमवित रस्ता आणि न्यू पेचबुरी रस्ता जवळजवळ समांतर जातात आणि त्यांच्या मधून खलाँग सेन सेप नावाचा कालवा वाहतो. सुखुमवितच्या उत्तरेकडच्या बऱ्याच गल्ल्या या कालव्यापाशी येऊन संपतात. हॉटेल पेचबुरीच्या बाजूला. या भागात कालवा ओलांडायला मोठे पूल दोनच लक्षात ठेवा, एक सॉय ३ चा (सॉय म्हणजे गल्ली) आणि दुसरा असोकचा, म्हणजे सॉय २१ चा. आम्ही नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत नाकासमोर चालत गेलो, पाण्याला लागलो, परत फिरलो आणि सॉय ३ च्या पुलावरून वळसा घालून पोचलो. हॉटेलच्या दारात फोनने आकडा दाखवला तो सव्वातीन किलोमीटर. चुकलेला रस्ता वजा केला तरी दोन किलोमीटर नक्की.

दोन किलोमीटर चालून कुणी मरत नाही, मान्य. पण ते बँकॉकचे दोन किलोमीटर आहेत. फुटपाथ मध्येच संपतो, मध्येच विजेचा खांब येतो, मध्येच कुणाची तरी खाऊची गाडी, आणि उरलेल्या जागेतून मोटरसायकली समोरून येतात. हवा तर अशी की आंघोळ करून निघालं तरी कोपऱ्यावर पोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला. चाकांची बॅग ओढणं विसरा, आम्ही बॅगा डोक्यावर घ्यायचे बाकी होतो. हे दिवसातून एकदा नाही करावं लागत, सकाळी जाताना आणि रात्री पाय दुखत असताना परत, असं दोनदा करावं लागतं. संध्याकाळी पाऊस आला तर तिसरीच गंमत. दुसऱ्या दिवशी रात्री नानाला उतरलो तर धो धो पाऊस. टॅक्सीवाल्याने मीटरकडे बघितलंसुद्धा नाही, “३०० बाथ” म्हणाला. बँकॉकच्या टॅक्सीचं मीटर ३५ बाथवर सुरू होतं, एवढ्या अंतराला साठ-सत्तर फार झाले. आम्ही गेलो तेव्हा एक बाथ पावणेतीन रुपयांच्या आसपास होता, म्हणजे दोन किलोमीटरला आठशे रुपये. मी तत्त्वाचा प्रश्न केला. बायको म्हणाली, तत्त्व घेऊन तू चालत ये. दिले ३००.

आता तुमच्या कामाचं.

हॉटेल निवडताना पानावरचं अंतर वाचूच नका. नकाशात स्टेशनचं नाव टाका, हॉटेलचं नाव टाका आणि चालत जायचा रस्ता काढा. मग उपग्रहाचं चित्र लावून मध्ये पाणी, रेल्वेरूळ किंवा उड्डाणरस्ता आहे का ते बघा. मला हे करायला तीन मिनिटं लागली असती. मी काय केलं, तर खोलीचे फोटो बघितले.

दुसरी खूण जास्त मजेची आहे. ‘स्टेशनपर्यंत मोफत टुकटुक’ (म्हणजे तिथली रिक्षा) असं हॉटेल अभिमानाने लिहीत असेल तर ती सोय नसून कबुलीजबाब आहे, हॉटेल चालण्याच्या अंतरावर नाही याचा. आमच्याकडेही होती ती टुकटुक. दर तासाला एक, रात्री ८ नंतर बंद, आणि पहिल्या सकाळी रांगेत आमच्या आधी नऊ माणसं. अशी हॉटेलं वाईटच असतात असं नाही, खोल्या बहुतेक मोठ्या असतात, कधी गच्चीवर पोहायचा तलावही असतो. ज्यांना दुपारभर तलावात पडून राहायचंय त्यांनी खुशाल घ्यावीत.

गल्ल्यांच्या नंबरांचंही एकदा समजून घ्या. सुखुमवितला विषम नंबरच्या गल्ल्या उत्तरेला आणि सम नंबरच्या दक्षिणेला. पण समोरासमोरचे नंबर जुळत नाहीत. थाँग लो म्हणजे सॉय ५५, तिच्या समोर येते ३८. त्यामुळे ‘सॉय ४०, म्हणजे ४१ च्या समोरच असेल’ असा हिशेब केलात की फसलात. शिवाय पत्त्यात सॉय लिहिली म्हणून हॉटेल तोंडाशी असेल असंही नाही. काही गल्ल्या दीड-दोन किलोमीटर आत जातात. गल्लीच्या तोंडाशी नारिंगी जाकिटातले मोटरसायकलवाले बसलेले असतात, ते आत सोडतात आणि त्यांच्या अड्ड्यावर दरांचा फलक असतो. तो थाई लिपीत असला तरी आकडे वाचता येतात. एकट्या माणसाला ती उत्तम सोय. बायको, मेहुणा आणि तीन बॅगा घेऊन नाही.

पैशाचं. मी थेट हॉटेलच्या पानावरून खोली घेतली, ११०० बाथ ‘++’. ते दोन अधिक मला छपाईची चूक वाटली होती. एक अधिक म्हणजे १० टक्के सेवाशुल्क, दुसरा म्हणजे त्या बेरजेवर ७ टक्के व्हॅट. मिळून १७.७ टक्के. ११०० चे झाले १२९५. दोन खोल्या, सहा रात्री, करा गुणाकार. यात हॉटेलने फसवलं असं म्हणता येत नाही, तिकडची ती रीतच आहे. पण ‘नेट’, म्हणजे सगळं धरून, लिहिलेला भाव आणि ‘++’ लिहिलेला भाव शेजारी ठेवून तुलना करू नका. वर काउंटरवर खोलीमागे १००० बाथ अनामत रोख मागितली. ती परत मिळते, फक्त पावती जपून ठेवा आणि शेवटच्या दिवशी निघायच्या घाईत विसरू नका. स्वस्त खोली घेताना खिडकी आहे का तेही वाचा. बिनखिडकीच्या खोल्या सर्रास विकल्या जातात आणि फोटोत पडदा लावलेला असतो. पडद्यामागे भिंत. मेहुण्याच्या वाट्याला तीच आली.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सहाही रात्रींचे पैसे आगाऊ भरले, परत न मिळणारे. हजारभर रुपये वाचवले म्हणून खूश होतो. नवीन शहरात पहिल्या दोन रात्रींचं बुकिंग करा, उरलेलं तिथे जाऊन, चालून, खोली डोळ्यांनी बघून. अगदी गर्दीचा हंगाम सोडला तर बँकॉकमध्ये खोल्यांचा दुष्काळ नाही.

त्या हॉटेलची एक गोष्ट मात्र चांगली निघाली, आणि ती हॉटेलने सांगितलेलीच नव्हती. ज्या कालव्याला मी दोन दिवस शिव्या घातल्या त्यात बस चालते. म्हणजे होडी, पण बसच ती. सॉय ३ च्या पुलाखाली नाना नुआ धक्का आहे. होडी येते, पुरती थांबत नाही, दोर धक्क्याला अडकवल्यासारखा करतात तेवढ्यात उडी मारून आत बसायचं. तिकीटवाली हेल्मेट घालून होडीच्या बाहेरच्या कडेवर, हातभर रुंदीच्या फळीवरून चालत येते आणि वरून हात घालून पैसे घेते. कडेला निळी ताडपत्री, तिची दोरी बसणाऱ्याच्या हातात. समोरून दुसरी होडी आली की दोरी ओढायची, नाहीतर ते पाणी तोंडावर. आणि ते पाणी तोंडावर नकोच. पूल बुटका असेल तर छत खाली बसतं. प्रातुनामला होडी बदलून शेवटच्या धक्क्याला उतरलं की जुनं शहर चालत गाठता येतं, तेही टॅक्सीपेक्षा लवकर आणि टॅक्सीच्या भाड्याच्या चिमूटभर पैशांत. मेहुणा एवढा खूश झाला की विनाकारण दोनदा गेला. संध्याकाळनंतर मात्र होडीवर विसंबू नका, ती काही रात्रभर चालत नाही.

तीन रात्री काढून आम्ही उरलेल्या तीन रात्रींवर पाणी सोडलं आणि सॉय कासेम सान १ मध्ये गेलो. नॅशनल स्टेडियम बीटीएस स्टेशनला लागून ही आखूड गल्ली आहे, रस्त्यापलीकडे एमबीके मॉल. गल्लीत साधी, जुनी हॉटेलं आणि गेस्टहाउसं ओळीने. तीन ठिकाणी खोल्या बघितल्या, तिसरीकडे १३०० बाथ नेटला मिळाली. लिफ्ट कुरकुरणारी, फरशी आपल्या सरकारी विश्रामगृहासारखी, पण स्टेशनच्या जिन्यापासून खोलीपर्यंत चार मिनिटं. सियाम एका स्टेशनवर, आणि बीटीएसच्या दोन्ही मुख्य मार्गांची अदलाबदल सियामलाच. पुढचे तीन दिवस झकास गेले. सांगण्यासारखं काही घडलं नाही.

बाकीच्या भागांबद्दल आमचं मत, विचारलं नसलं तरी.

प्रातुनाम: भारतातल्या सहल कंपन्या लोकांना इथे उतरवतात. प्लॅटिनम मॉलमध्ये कपड्यांची ठोक खरेदी करायची असेल आणि रोज संध्याकाळी डाळ-रोटी हवी असेल तर डोळे मिटून राहा. नाहीतर टॅक्सीत बसून तासभर एकच सिग्नल बघाल. विमानतळाच्या रेल्वेचं राचप्रारोप स्टेशन इथे आहे, तेवढी एक जमेची बाजू.

खाओ सान: खोल्या स्वस्त, जवळ रेल्वे नाही, रात्री आवाज. वय पंचविशीच्या आत असेल तर जा.

नाना: स्टेशन चांगलं, सॉय ३ ला अरबी जेवण, आसपास भारतीय हॉटेलंही. पण सॉय ४ च्या तोंडाशी रात्री काय चालतं ते आईवडिलांना घेऊन जाण्याआधी माहीत असू द्या.

ओन नुट: लांब, पण स्टेशनजवळ घेतलंत तर परवडतं. इथे दिवसावर मिळणारे फ्लॅट खूप दिसतील, तलाव, जिम, सगळं, आणि हॉटेलपेक्षा स्वस्त. थायलंडच्या २००४ च्या हॉटेल कायद्याप्रमाणे ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी असा फ्लॅट द्यायला परवाना लागतो, आणि तो बहुतेकांकडे नसतो. इमारतीच्या दारातच ‘दिवसावर भाड्याने देण्यास मनाई’ अशी पाटी लावलेली मी पाहिली. मालक सांगतो, कुणी विचारलं तर मित्र म्हणून आलोय म्हणा. सुट्टीत खोटं बोलायची तालीम कोण करणार? आम्ही नाही घेतला.

फाहुरात: गुरुद्वारा, कापड बाजार, मिठाईची दुकानं. शाकाहारी माणसांना माहेर. एमआरटीचं, म्हणजे भुयारी मेट्रोचं, साम योट स्टेशन चालत गाठता येतं. पुढच्या वेळी कदाचित इथेच. बीटीएस आणि एमआरटीची तिकिटं मात्र वेगवेगळी, एकातून दुसरीत जाताना बाहेर येऊन पुन्हा काढावी लागतात.

आणि निघण्याआधी ऑनलाइन भरायचं आगमनपत्र, टीडीएसी, फुकट आहे, उतरायच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही.

परतीच्या दिवशी सियामला गाडी बदलून फाया थाईला गेलो आणि तिथून ४५ बाथमध्ये विमानतळाची गाडी धरली. येताना याच गाडीने फाया थाईपर्यंत येऊन, बीटीएसने पाच स्टेशनं उलटं नानाला जाऊन, मग ती पायपीट केली होती. दोन स्टेशनांनंतर गाडी मक्कासनला थांबली. मी नकाशा उघडून बघितला. त्या हॉटेलला नानापेक्षा हे स्टेशन जवळ होतं, तेही कालव्याच्या त्याच बाजूला.

मेहुण्याने बॅगेला हात घातला. “उतरायचं का, दाजी?”