इंजिन स्टँडवर आहे तोवर

सोमवार. दिवसभर झड.
हंगाम सुरू व्हायला अवकाश आहे, म्हणून उसाच्या ट्रकची इंजिनं कोल्हापुरात याच दिवसांत उतरतात. स्टँडवर कमिन्स ६बीटी, ट्रकच्या जुन्या इंजिनाच्या जागी बसवायचं डिझेल इंजिन: ६ सिलिंडर, ५.९ लिटर, बोअर (सिलिंडरचं भोक) १०२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) १२०. उद्यमनगरातून होनिंग होऊन, म्हणजे बोअर दगडानं घासून, ब्लॉक आला की तो तयार आहे असं सगळे धरून चालतात. तसं नसतं. डिझेलनं तेल निघतं, होनिंगच्या दगडाची कच निघत नाही. तिला गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशच लागतो. पांढरं फडकं बोअरमधून पांढरंच बाहेर आलं पाहिजे. ऑइल गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे, प्लगही काढायचे, नाहीतर तिथली कच थेट बेअरिंगवर जाते. धुऊन झालं की हवा मारून लगेच तेलाचा हात. पावसाळ्यात कोरडा बोअर बघता बघता तांबूस होतो.

मंगळवार.
क्रँक धरून ठेवणारे मेन बोल्ट तीन टप्प्यांत आवळायचे: ६०, ११९, १७६ न्यूटन-मीटर. दर टप्प्यानंतर क्रँक हातानं फिरवून बघायचा. जड लागला तर तिथंच थांबायचं. पिस्टनच्या वरच्या रिंगच्या दोन टोकांतली गॅप ०.४० ते ०.७० मिमी.

बुधवार.
टायमिंग कव्हर उघडं आहे तोवर डोवेल पिन बघायची. छोटीशी पोलादी पिन, गिअर केस जागेवर बसावी म्हणून ठोकलेली. तिला ना बोल्ट, ना सर्किप (अडकवायची स्प्रिंगची रिंग). नुसत्या घट्टपणावर बसते. थरथरीनं वर्षानुवर्षं सरकत एक दिवस गिअरमध्ये पडते. मग दात तरी तुटतो नाहीतर केस तरी फुटते. उपाय चहाच्या किमतीचा: शेजारच्या बोल्टखाली पत्र्याची जाड पट्टी, पिनेचं निम्मं तोंड झाकेल एवढी. बोल्ट ढिला होऊ नये म्हणून आट्यांना लॉकटाइटचा गोंद. इंजिन दोन फेरे हातानं फिरवून पट्टी गिअरला घासत नाही ना, ते बघायचं. हेच काम गाडीत करायचं तर रेडिएटरपासून उतरवावं लागतं.

क्रँकचं मागचं सील कोरडं बसवायचं. सगळ्या सीलना तेलाचं बोट लावायची हाताला सवय असते, पण इथं शाफ्टही पुसून कोरडा हवा. नाहीतर सील गळतं आणि क्लच प्लेट तेलात भिजते.

गुरुवार.
टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर: इनटेक ०.२५ मिमी, एक्झॉस्ट ०.५१. टायमिंग पिन बसते तिथे १ नंबरचा पिस्टन टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वर; तेव्हा इनटेक १-२-४, एक्झॉस्ट १-३-५. मग क्रँकचा एक पूर्ण फेरा आणि उरलेले. फेऱ्याआधी पिन मागे ओढायची, ती प्लॅस्टिकची असते. डिझेल फवारणारं नोझल बसवताना भोकात टॉर्च मारायची: जुना तांब्याचा वायसर (वॉशर) तळाला चिकटलेला असला की वायसर दोन होतात, टोक वर राहतं, गाडी काळा धूर मारते.

शुक्रवार.
ट्रकमधून उतरवलेलं जुनं आणि आता बसणारं नवं इंजिन शेजारी ठेवून चेंबरची (खालच्या तेलाच्या टाकीची) खोली, फ्लायव्हील हाऊसिंग, फाउंडेशनचे (इंजिन ज्यावर टेकतं ते) ब्रॅकेट मापायचे. जनरेटरवरचं इंजिन स्वस्तात मिळतं खरं, पण त्याच्या पंपाचा गव्हर्नर १५०० आरपीएमला बांधलेला असतो. पंप ट्रकचाच लागतो. जुन्या इंजिनाचं बेअरिंग गेलं असेल तर त्याचा ऑइल कूलर नव्याला लावू नये. आतल्या पत्र्यांत अडकलेला चुरा कितीही धुतला तरी पुरता निघत नाही. उघड्या तोंडांना टेप किंवा टोपी. चिंधी कोंबली की ती इनटेकमध्येच विसरते.

शनिवार. उघडीप.
इंजिन चढवायच्या आधी ब्लॉकवरच्या नंबरची पेन्सिलनं छाप घेतली. आरसीवर नवा नंबर चढवायला आरटीओत ती लागते, आणि इंजिन बसल्यावर तिथं हात जात नाही. बसवून झाल्यावर टर्बोच्या तेलाच्या तोंडात थोडं ताजं ऑइल, फिल्टर भरून, स्टॉप ओढून, म्हणजे डिझेल बंद ठेवून, ३० सेकंदांपर्यंत सेल्फ, मध्ये २ मिनिटं सेल्फला विश्रांती. ऑइल प्रेशरचा काटा हलल्यावरच डिझेल सोडायचं. आयडलला प्रेशर ०.७ बारच्या खाली नको. पूर्ण आरपीएमला २ बार, गॅरेजच्या भाषेत २ किलो.